शिवेआतला बुवा

तारकर्लीच्या अलीकडे, खाडीच्या कडेला एक वाडी आहे. नाव सांगत नाही. तिथले मानकरी तापट आहेत आणि माझ्या घरापासून फार लांब राहत नाहीत. त्या वाडीत सत्यवान नावाचा माणूस पेट्या दुरुस्त करतो. पेटी म्हणजे भजनाची बाजाची पेटी. खाऱ्या हवेने फुगलेल्या पट्ट्या, फाटलेला भाता, बसलेले सूर, असलं सगळं घेऊन कुडाळ-वेंगुर्ल्यापासूनचे भजनी बुवा त्याच्या पडवीत येतात. पेटी सुरात आली की सत्यवान ती एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवतो, त्यावर स्वतःचं एखादं गाणं म्हणतो आणि मग फडक्यात बांधून ठेवतो. त्या पेट्या पुढे सावंतवाडीला जातात, गोव्याला जातात, मुंबईत जाऊन डबलबारीचे सामने गाजवतात. सत्यवान जात नाही. आज तो बेचाळीस वर्षांचा आहे आणि गावाच्या शिवेबाहेर त्याचं गाणं एकाही माणसाने त्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. असा गळा आणि अशी गाणी करणारा दुसरा माणूस या पट्ट्यात नाही, असं खुद्द बुवा लोक म्हणतात. आणि बुवा लोक एकमेकांबद्दल सहसा बरं बोलत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

हे असं का, हे विचाराल तर वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल: नवस आहे.

सत्यवान आठ वर्षांचा, मोठ्यांबरोबर भजनात गळा काढणारा पोर असताना त्याचा घसा आला. घसा येतो तसा जातो, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मग गुडघे सुजले, मग कोपरं, आणि सांध्यांत शिरलेला तो ताप काळजात उतरला. मालवणच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि त्याच्या आईला, हौसाबाईला बाहेर नेऊन सांगितलं की पोर अंथरुणावरच राहिलं पाहिजे, दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन चुकता कामा नये, आणि पाच वर्षं काळजावर ताण येईल असं काही करायचं नाही. हौसाबाई तेव्हा तिशीची. नवरा मुंबईला गिरणीत म्हणून गेलेला, 'गणपतीक येतंय' असं सांगून. दोन गणपती त्याच्याशिवाय झाले होते. पुढचे किती होणार होते हे तिला तेव्हा माहीत नव्हतं, आणि तेच बरं होतं.

एका पहाटे पोराचे ओठ निळे पडले. गाडी मिळेना. हौसाबाईने त्याला गोधडीत गुंडाळलं आणि समोरच्या रवळनाथाच्या देवळात नेऊन दगडावर ठेवलं. मानकऱ्यांतले भाई, ज्यांच्या घराण्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान, ते धावत आले. गुरव आला. भाईंनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, गुरवाने एकट्यानेच 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ दिली, कारण बाकी कोणी नव्हतंच. सत्यवानाला त्यातलं काही आठवत नाही. फक्त लादी गार होती एवढं आठवतं.

उजाडल्यावर रिक्षा मिळाली, दवाखाना गाठला आणि पोर वाचलं. कावळा बसला नि फांदी मोडली. पण त्या दिवसापासून श्रेय सगळं रवळनाथाचं झालं. पुढे तेरा वर्षं पावसापाण्यातून नेमाने येऊन ज्या नर्सबाईने त्याला इंजेक्शनं दिली, तिचं नाव आज वाडीत कोणाला आठवत नाही. देवाला तरी आठवत असावं.

दीड वर्ष पोर पडवीत पडून होतं. देऊळ समोर, म्हणून भजनी मंडळाची पेटी त्यांच्याच पडवीत ठेवलेली असायची. एका हाताने भाता, एका हाताने पट्ट्या, कुशीवर झोपून तो वाजवायला शिकला. शिकवायला कोणी नव्हतं. माडांच्या पलीकडे दर्या ऐकू यायचा आणि पोरांचा आरडाओरडा ऐकू यायचा, पण तिथे जायला त्याला बंदी होती. पडवीतच त्याने पहिलं गाणं केलं. ते आजही वाडीतल्या बायका लेकरांना झोपवताना म्हणतात:

दर्या दादा, थांब रे वायच,
माझे पाय उठनत नायच.
तू येतस नि परत जातस,
माका कित्याक सांगान जातस?

नऊ वर्षांच्या पोराने केलेलं गाणं. ऐकून हौसाबाई रडली आणि शेजारणीला म्हणाली, 'देवान माझ्या झिलाचे पाय घेतल्यान नि गळो दिल्यान.' पाय काही देवाने घेतले नव्हते, वर्षभराने पोर टणाटण चालायला लागलं. पण तिला ते वाक्य आवडलं असावं. ती पुढे ते सगळ्यांना सांगत राहिली.

तेराव्या वर्षी शेजारच्या गावातल्या पोरांनी त्याला गणपतीच्या भजनाला बोलावलं. नवी चड्डी घालून निघालेल्या पोराला हौसाबाईने दारातच अडवलं.

'तुका जावक मिळाचा नाय,' ती म्हणाली. 'तुझो नवस आसा. तुझो गळो नि तुझी पेटी रवळनाथाची. शिवेच्या भायर दोन्ही जावची नायत.'

'कधीसर?' पोराने विचारलं.

'जन्मभर.'

तेरा वर्षांच्या पोराला जन्म म्हणजे काय ते कुठे कळतं? त्याने चड्डी बदलली आणि खेळायला गेला. पण नवस त्याने असा पाळला की देवालाही लाज वाटावी. बाजाराला मालवणला जायचा तो सायकलने, गुणगुणत. शिवेवर एक वाकडा माड आहे. तो आला की याचे ओठ बंद. मालवणात चार तास काढायचे, बाजारात, स्टँडवर, बँकेत, पण तोंडातून सूर काढायचा नाही. परत येताना माड ओलांडला की अर्धवट सोडलेली ओळ पुढे सुरू. लोक गंमत बघायला माडाजवळ उभे राहायचे. पाय बाहेर जायचे, हात बाहेर जायचे, गळा तेवढा कोंडलेला.

गावाला हे फार मानवलं. दुसऱ्या गावांना जत्रेला, सप्त्याला, गणपतीला बुवा ठरवावे लागतात, त्यांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात. इथे घरचा बुवा, हक्काचा, आणि नाही म्हणायची सोय नसलेला. बारसं असो की बारावं, 'सत्यवानाक सांगा.' दर जत्रेला नवं गाणं त्याने करायचं, हेही नवसातच आहे असं कोणीतरी कधीतरी ठरवून टाकलं. अलीकडे किनाऱ्यावर पर्यटकांची घरं झाली, तर तिथलेही मालक पाहुण्यांसमोर त्याला बसवू लागले. जागा शिवेच्या आत आहे ना, मग झालं! पुण्याहून आलेली मंडळी सुरमई खात खात त्याचा गजर, म्हणजे भजनातलं चढत्या लयीचं गाणं, ऐकायची आणि मधेच सिनेमातलं गाणं येतं का विचारायची. त्याला येत होतं. तो म्हणायचा.

नवस न पाळण्याची भीती मात्र खोटी नव्हती. मथुरा नावाची एक विधवा होती. तिने देवीची ओटी बोललेली आणि लेकीच्या दुखण्यात दोन वर्षं राहून गेली. त्यातच वाडीतली एक होडी बुडाली, दोघे गेले. कोणी मथुरेला मारलं नाही की शिवी दिली नाही. फक्त तिच्या विहिरीवर लोकांचं पाण्याला जाणं बंद झालं. लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं. हळदीकुंकवाला बायका तिच्या दारावरून पुढे जाऊ लागल्या. वर्षभराने तिने घराला कुलूप घातलं आणि भावाकडे वेंगुर्ल्याला निघून गेली. आमच्याकडे माणसाला हाकलायला हात उचलावा लागत नाही.

एकोणिसाव्या वर्षी सत्यवानाला पहिल्यांदा कळलं की आपण काय गमावतोय. सुदेश बुवा म्हणून सावंतवाडीकडचे डबलबारीचे बुवा, तेव्हा पस्तिशीतले, भर जोरात. डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने गजरातून कोडं टाकायचं, दुसऱ्याने गजरातूनच उत्तर द्यायचं, आणि शेकडो माणूस मिटक्या मारत ऐकतो. सुदेश बुवांनी जत्रेत याला ऐकलं आणि गाणं संपल्यावर स्वतः उठून पाया पडायला आले. वयाने पंधरा-सोळा वर्षांनी मोठा माणूस!

'माझ्या बाजूक बस,' ते म्हणाले. 'दोन वर्सांत तुझी स्वतःची बारी लावन देतंय.'

सत्यवानाने नवस सांगितला. बुवांनी हात जोडले. देवापुढे कोण बोलणार? पण जाताना विचारून चार गजर लिहून घेऊन गेले आणि आजवर प्रत्येक बारीत 'हो गजर सत्यवानाचो' असं सांगून मगच म्हणतात. या सगळ्या कथेत एवढा एकच माणूस सरळ वागला.

पुढे मोबाईल आले. जत्रेत त्याने शिवेवरच्या वाकड्या माडाचं गाणं म्हटलं:

शिवेवयल्या माडा रे, सावळी तुझी पल्याड जाय,
मुळां तुझी हयच रे, तुका कोण बोलाक नाय.

कोणीतरी ते मोबाईलवर घेऊन सोडून दिलं. मग गावात मोठा पेच: गळा शिवेबाहेर गेला की नाही? मानकऱ्यांनी देवाला कौल लावला. दगडाला चिकटवलेली कळी उजवीकडे पडली, म्हणजे देवाची हरकत नाही. मोबाईलमधून गेलेला गळा हा गेलेला धरत नाहीत, असा निर्णय झाला. वर्षभरात त्या गाण्याला कोणीतरी ढोल-ताशे जोडले आणि ते लग्नाच्या वरातीत वाजू लागलं. सत्यवान एकदा मालवणला दुकानात सूत घेत उभा असताना बाहेरून वरात गेली. त्याच्या सगळ्या आयुष्याचं रडगाणं, आणि त्यावर नवरदेवाचे मित्र उड्या मारत होते. तो बघत राहिला. ओठ मिटलेले होते. माडाच्या बाहेर होता ना.

लग्न झालं नाही. दोन स्थळं आली. एकांनी काळजाच्या आजाराचं विचारलं, दुसऱ्यांनी 'मुलगा गावाबाहेर पडणार की नाही' असं विचारलं. दोन्हींची उत्तरं खरी दिली. आई नि तो, तो नि आई. हौसाबाईला मात्र गावात मान वाढत गेला. देवाने जिचं ऐकलं ती बाई म्हणून लोक आजारी पोरं तिच्या पायावर घालायला आणू लागले. जत्रेला पहिली पणती तिची. तीही ते सगळं शांतपणे घ्यायची, जणू मागल्या जन्मीचं येणं होतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सुदेश बुवा पुन्हा आले. आता साठीला टेकलेले, घशाचं ऑपरेशन झालेलं, आवाज फाटका. पेटी दुरुस्तीला आणली होती, पण ते निमित्त होतं.

'सत्यवाना, माझो गळो संपलो,' ते म्हणाले. 'मंडळ आसा, पखवाज आसा, कोरस आसा, बाऱ्यांच्यो तारखा आसत. माझी गादी रिकामी आसा. तुझी गाणी तेवीस वर्सां मी म्हटलंय. आता तुझी तू म्हण. देवाक इचार. माणूस नवस बोलता तसो फेडता पण. बेचाळीस म्हणजे काय म्हातारो नाय झालंस, पण पन्नाशीक बारी सुरू कोण करणा नाय.'

हे शेवटचं बोलावणं आहे, हे दोघांनाही कळत होतं. सत्यवान रात्रभर तळमळला नाही की काही नाही. सकाळी उठला, पेज प्यायला आणि मसुऱ्याची एसटी धरली. भाई तिथे लेकीकडे होते. पंचाऐंशी वर्षं, अंथरुणाला खिळलेले, पण डोकं शाबूत.

'भाईनू, माझो नवस फेडूचो आसा,' सत्यवान म्हणाला. 'जन्माचो नवस सुटता काय? काय करूक व्हया ता सांगा.'

भाईंनी उशीवरून मान उचलली.

'जन्माचो? कोणी सांगल्यान तुका?'

'आवशीन.'

'मेल्या, तो पाच जत्रांचो,' भाई म्हणाले. 'डॉक्टर बोललो, पाच वर्सां पोराक जपा. मी म्हटलंय, पोरगो गाणारो, उद्या उठलो की बाकीचे पोर तेका गावोगाव ओढतले, नि तेचा काळीज फाटतला. डॉक्टराचा कोण आयकता? देवाचा आयकतत. म्हणान मीच गाऱ्हाण्यात घातलंय, पाच जत्रा शिवेच्या भायर गाणा नाय. पाचव्या जत्रेक नारळ ठेवन मोकळो. तू तेरा वर्सांचो असतानाच सुटलंस असतस.'

सत्यवानाने बोटांवर वर्षं मोजली. 

'मगे माका कोण कित्याक बोलाक नाय?'

'गुरव दोन वर्सांत गेलो. तुझ्या आवशीक मी दोनदा सांगलंय. ती बोलली, आमच्या घरातला आमका बघूक द्या. बाईमाणूस एकटी, मी कशाक पडू मधी?' भाईंनी तोंड भिंतीकडे केलं. 'आणि खरा सांगू? जत्रेक तुझो गळो गावाक व्हयो होतो. माकाव व्हयो होतो.'

निदान खरं तरी बोलले. मरायला टेकल्यावर का होईना. सोडवायची रीतही त्यांनीच सांगितली: जत्रेच्या दुपारी, भरल्या सभामंडपात, जिच्या नावाने नवस बोलला तिनेच उभं राहून सांगायचं, किती जत्रांचा होता नि किती झाल्या. मग नारळ. दुसऱ्याच्या तोंडून चालत नाही.

परत आला तेव्हा हौसाबाई अंगणात बसून माडाच्या चुडतांचे हीर काढत होती, केरसुणीसाठी. हातात कोयती.

'आये, नवस किती जत्रांचो होतो?'

कोयती थांबली. तिने जे विचारलं त्यात सगळं कळलं.

'भाई बोललो?'

'एकोणतीस वर्सां,' सत्यवान म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. काळजाला जपायची सवयच होती त्याला. 'एकोणतीस वर्सां मी तोंड मिटून मालवणाक जातंय. खुळ्यासारखो. लोक माझी गाणी नाचत नेतत नि मी दुकानात उभो रवतंय. तू बघी होतंस.'

'बघी होतंय.'

'मगे?'

'तुझो बापूस गणपतीक येतंय सांगान गेलो,' ती म्हणाली. 'सहा गणपती मी वाट बघलंय. मगे कळला, थय दुसरा घर आसा. तू तेरा वर्सांचो, नवी चड्डी घालून पेटी घेवन निघालंस, तुझी पाठ बघलंय नि माका तेची पाठ दिसली.'

'मी तुझो झिल. घोव नाय.'

'पाठ तीच.'

'मगे दोरी घालून बांधूचो होतंस माका. देवाक मधी कित्याक घातलंस?'

'दोरी तू तोडलं असतंस,' हौसाबाई म्हणाली.

 खोटं बोलणाऱ्या माणसाला निदान लाज तरी वाटावी, अशी आपली अपेक्षा असते. तिला लाज वाटत नव्हती. भीती वाटत होती, तीच ती जुनी, आणि त्या भीतीत ती इतकी वर्षं सुखाने राहिली होती. सत्यवानाला ते दिसलं आणि त्याला तिचा इतका राग आला की तो पडवीत जाऊन दुसऱ्याची एक चांगली, सुरात असलेली पेटी उघडून आतले पितळी सूर एकेक उपटत बसला.

चार दिवस तो पडवीतच जेवला. पाचव्या दिवशी ताटात भात वाढताना ती म्हणाली, 'जत्रेक येतंय. सांगतंय सगळ्यांसमोर. जा तू.'

त्याने सुदेश बुवांना फोन केला. जत्रेच्याच संध्याकाळी कुडाळकडे बारी होती. बुवा म्हणाले, दुपारी टेम्पो घेऊन देवळाजवळ थांबतो, नारळ ठेवलास की बस. सत्यवानाने आठ दिवस नवा गजर केला. शिवेबाहेर म्हणायचा पहिला. तो कसा आहे, हे मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही.

जत्रेच्या दुपारी सभामंडप तुडुंब. भाईंचा पुतण्या गुरुदास आता गाऱ्हाणं घालतो. आवाज मोठा, अक्कल बेताची. नवस फेडणाऱ्यांची रांग झाली, आणि शेवटी हौसाबाई पुढे आली. नवं लुगडं, गुडघे दुखतात म्हणून सत्यवानाच्या दंडाला धरून. गर्दीत एकदम कुजबुज उठली. हिचा कसला नवस फेडायचा राहिला?

'बोल हौसाबाय,' गुरुदास म्हणाला. 'सत्यवानाचो नवस तू सोडवतंस म्हणतत. किती जत्रांचो होतो?'

'किती म्हणजे? जन्माचो तो!' बायकांतून कोणीतरी म्हणालं. 'आमका म्हायत नाय काय?'

'जन्माचो मोडूक इली काय ही?'

'म्हणानच गेल्या वर्सा तुफानात जाळी गेली,' एक पुरुषाचा आवाज. 'तेव्हाच माका वाटला होता, खंयतरी चुकता आसा.'

'थांबा रे, तिका बोलाक देवा.'

सत्यवानाने बघितलं. समोर दीडदोनशे तोंडं, आणि प्रत्येक तोंडावर हिशेब सुरू झालेला: कोणाची होडी, कोणाचा गर्भ, कोणाच्या आंब्याचा मोहोर. एकोणतीस वर्षं देवापुढे खोटं बोलणारी बाई त्यांना आयती मिळणार होती. मथुरेची तर एक ओटी राहिली होती. आणि मथुरेला निदान भाऊ होता.

आईने त्याचा दंड आणखी घट्ट धरला. आणि तिने मान वर केली. ती सांगणार होती. हे त्याला नक्की माहीत आहे. तिने श्वास घेतला होता, ओठ उघडले होते. तिने त्याच्याकडे बघून गयावया केली नाही. केली असती तर बहुधा त्याने तिला बोलू दिलं असतं.

'जन्माचो,' सत्यवान म्हणाला.

सगळी तोंडं त्याच्याकडे वळली.

'जन्माचो नवस आसा. तो मोडूक नाय इलव आमी,' तो म्हणाला. 'आवस म्हातारी झाली. तिच्या तोंडचो नवस आजपासून मी माझ्या तोंडान घेतंय, म्हणान इलंय. रवळनाथा, माझो गळो तुझो. शिवेच्या भायर जावचो नाय.'

गुरुदासला हे फारच आवडलं. त्याने लगेच दोन्ही हात जोडून, लांबलचक, सगळ्या देवांची नावं घेत गाऱ्हाणं घातलं आणि दीडदोनशे माणसांनी एका आवाजात साथ दिली. आता मात्र नवस खरोखर जन्माचा झाला, आणि साक्षीला सगळा गाव होता. बायकांनी हौसाबाईच्या पायाला हात लावले. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. असा पोरगा, म्हणाले, लाखात एक.

आईसाठी केलं, असं म्हणणं सोपं आहे. सत्यवानाने पुढे माझ्याजवळ कबूल केलं की तेवढंच नव्हतं. त्या क्षणी देवळाच्या दारातून त्याला टेम्पो दिसला, त्यात पखवाजवाला पाय सोडून बसलेला, आणि सत्यवान घाबरला. इतकी वर्षं शिवेच्या आतच सगळ्यांनी त्याला मोठा म्हटलं होतं. बाहेर बसल्यावर तो तेवढाच मोठा निघाला नसता तर? आईला वाचवताना तो स्वतःही वाचला. लोकांसमोर कबूल करण्यासारखं ते नव्हतं.

सुदेश बुवा आत आलेच नाहीत. सगळं त्यांनी दारातूनच ऐकलं. चपला घातल्या, टेम्पोत चढले, आणि टेम्पो सुरू झाला. त्या संध्याकाळी कुडाळला त्यांच्या गादीवर बावीस वर्षांचा कोणी ओमकार म्हणून मुलगा बसला. बरा म्हणतो, असं ऐकलं.

सत्यवान आईला घेऊन घराकडे निघाला. गर्दीतून बाहेर पडल्यावर, जिथे कोणी ऐकत नव्हतं, तिथे हौसाबाई थांबली. ती रडत होती, पण आवाज रडवा नव्हता.

'मी सांगी होतंय,' ती म्हणाली. 'खरा सांगी होतंय मी. तू कित्याक बोललंस?'

सत्यवानाने तिच्या हातातून आपला दंड सोडवून घेतला.

'आये, माका आता तुझा तोंड बघूचा वाटणा नाय,' तो म्हणाला. 'पण दुसरा बघूक मी आता जाव खंय?'

आणि तो पुढे चालू लागला. उंबऱ्याच्या पायऱ्या आल्या तेव्हा थांबला, कारण त्या तिला एकटीला चढता येत नाहीत.